श्वास रोखून धरा!

मी तसा भिडस्त माणूस आहे. उसने दिलेले पैसे परत मागणे मला जमत नाही, भाजीवालीशी घासाघीस करणे जमत नाही, आणि रिक्षावाला ‘सुट्टे नाहीत’ म्हणाला की उलट मीच त्याची माफी मागतो. पण समोरच्याला नुसती शिंक येऊ द्या, माझ्या अंगात तत्काळ धन्वंतरी संचारतो. मग ज्येष्ठमध, तुळस, सुंठ, मिठाच्या गुळण्या, उशाशी ओव्याची पुरचुंडी असा सारा प्रवाह सुरू होतो, आणि शिंकणारा मनुष्य शिंकायचे सोडून पळवाट शोधू लागतो.

हा दोष माझ्या एकट्याचा आहे असे मला वाटत नाही. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला निघालेला माणूस हातात चार मोसंबी आणि तोंडात चार उपाय घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मोसंबी एखादे वेळी बसमध्ये राहून जातात, उपाय मात्र कधी राहत नाहीत.

पूर्वी या उपायांना एक मर्यादा होती. ते सांगायला स्वतः जावे लागे. ‘आमच्या मामेसासऱ्यांना याने हमखास गुण आला’ असे म्हटले, तर ऐकणारा विचारू शकत असे, की मामेसासरे हल्ली असतात कुठे? आणि ते गेल्या वर्षीच गेले असतील तर सांगणाऱ्याची पंचाईत होत असे. पुढे फोन आले, त्या फोनांत ग्रुप आले आणि मामेसासऱ्यांना हजर करण्याची जबाबदारी संपली.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मुलाने मला असला एक फोन घेऊन दिला. पाहता पाहता मी पाच ग्रुपांचा सभासद झालो. एक आमच्या डोंबिवलीच्या इमारतीचा, दुसरा बँकेतल्या निवृत्तांचा, तिसरा शाळासोबत्यांचा, चौथा भाऊबंदांचा आणि पाचवा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा. या शेवटच्या ग्रुपातले निम्मे लोक फिरायला येत नसत, पण ग्रुपात न चुकता हजर असत. सगळी मिळून माणसे झाली दोनशे अकरा. बँकेत छत्तीस वर्षे घासून माझे म्हणणे ऐकणारी दोन माणसेसुद्धा मिळाली नव्हती, आणि इथे दोनशे अकरा! माणूस बिघडायला याहून अधिक काय लागते?

आणि मग २०२० साल उजाडले.

सुरुवात झाली ती बिचाऱ्या कोंबडीपासून. फेब्रुवारी महिन्यात निरोप फिरू लागला, की कोंबडी खाल्ल्याने करोना होतो. कोंबडीने कुणाचे काही वाकडे केले नव्हते. पण निरोप असा पसरला की कोंबड्यांचे भाव कोसळले, कुक्कुटपालकांच्या तोंडचे पाणी पळाले आणि सरकारी खात्यांना कोंबडीच्या चारित्र्याची ग्वाही देत फिरावे लागले. आम्ही पूर्ण शाकाहारी. पण निरोप पुढे धाडायला काही मांसाहारी असावे लागत नाही.

रविवार २२ मार्चला जनता कर्फ्यू होता. ‘विषाणू एका जागी बारा तास जगतो, कर्फ्यू चौदा तासांचा आहे, म्हणजे रात्री नऊ वाजता साखळी तुटणार,’ असे गणित आमच्या बँकेच्या ग्रुपवर आले. आम्ही जन्मभर वजाबाक्या तपासलेली माणसे. चौदातून बारा गेले, वर दोन तास शिल्लक! ताळेबंद इतका चोख जुळल्यावर मूळ आकडा आला कुठून, हे विचारायचे कुणालाच सुचले नाही. पाच वाजता आम्ही थाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी, २४ तारखेच्या रात्री, एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. शिल्लक दोन तासांचे काय झाले, कळले नाही.

याच सुमारास आणखी एक निरोप आला. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, वाळत घातलेले कपडे आत घ्या. रात्री दहा वाजता आमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरचे लोक गॅलरीत येऊन कपडे ओढू लागले. हेलिकॉप्टर काही आले नाही. सकाळी सगळ्या घरांतून ओल्या कपड्यांचा कुबट वास मात्र आला. तरीही तळमजल्यावरचे काका छातीवर हात ठेवून म्हणाले, “नाही कसं? मी आवाज ऐकला ना पहाटे!”

खरी माहिती कुणी देतच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कुणालाही फोन लावावा, तर मार्चमध्ये घंटीच्या आधी खोकल्याची उबळ ऐकू यायची आणि मग सूचना सुरू व्हायच्या. पहिल्या दिवशी तर मी आत्याला फोन लावला आणि खोकला ऐकून घाबरून खालीच ठेवला. मुंबईचे पोलीस ट्विटरवर सिनेमातल्या संवादांवर विनोद करून लोकांना घरात बसा म्हणून सांगत होते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून थेट बोलायचे, तेव्हा आमची ही कणकेचे हात तसेच घेऊन दिवाणखान्यात येऊन उभी राहायची आणि मी मध्ये बोललो तर “तुम्ही गप्प बसा हो, ते सांगताहेत ना,” म्हणायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी तर फेब्रुवारीतच बजावले होते, की आपला लढा नुसत्या साथीशी नाही, खोट्या माहितीच्या साथीशीही आहे. त्यासाठी त्यांनी ‘इन्फोडेमिक’ हा शब्द वापरला. लसणाने करोना टळत नाही, कढत पाण्याच्या आंघोळीने टळत नाही, अशी एक यादीच त्या संघटनेने काढली होती.

ती यादी मी पाहिली होती. ‘उपयुक्त आहे’ असे मनाशी म्हणालोही होतो. पण पुढे पाठवली नाही. कारण तिच्यात सगळा नन्नाचा पाढा. याने होत नाही, त्याने होत नाही. लोकांना काहीतरी करायला सांगणारा निरोप हवा असतो, आणि तो मला सापडला.

निरोप असा होता : सकाळी मोकळ्या हवेत उभे राहा. दीर्घ श्वास घ्या. दहा सेकंद रोखून धरा. खोकला न येता, त्रास न होता जमले, तर तुमच्या फुप्फुसांत संसर्ग नाही. रोज करा, निश्चिंत राहा.

काय सुटसुटीत! ना खर्च, ना रांग, ना काढा. मी स्वतः करून पाहिले. अकरा सेकंद! संसर्ग नाही! आता हा आनंद एकट्याने भोगणे स्वार्थीपणाचे झाले असते. तरी मी जबाबदार माणूस, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचे ठरवले. योगायोगाने त्या दिवशी दाताच्या डॉक्टरांची वेळ रद्द करायला फोन करायचाच होता. बोलता बोलता मी त्यांना ही परीक्षा सांगितली. ते म्हणाले, “हं.” एरवी त्यांच्या खुर्चीत तोंड उघडे टाकून मी ‘हं’ म्हणतो आणि त्याचा ते होकार समजतात. या वेळी ते ‘हं’ म्हणाले आणि मी होकार समजलो.

मग मी त्या निरोपाच्या खाली माझी एक ओळ जोडली : “माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आहे.”

भारतात २०१८ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येत होता. माझे ग्रुप नेमके पाच. यात मला ईश्वरी संकेतच दिसला. एप्रिल २०२० मध्ये नियम आणखी कडक झाला आणि फार फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. पण तोवर माझा निरोप गावोगाव पोचून हातपाय धुऊन जेवायलासुद्धा बसला होता.

जोडलेल्या हातांची चित्रे आली, ‘अतिशय उपयुक्त’ आले, ‘आपल्यासारख्यांची समाजाला गरज आहे’ असेही एक आले. आणि सगळ्यात मोठी दाद दिली ती दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी.

नाना तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे देवाच्या खालोखाल श्रद्धा घड्याळावर. रोज सकाळी सात वाजता ते गॅलरीत उभे राहत, मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर धरत आणि छाती फुगवून श्वास रोखत. पहिल्या दिवशी चौदा सेकंद झाले, आठवड्यात अठरा, महिन्यात बावीस. आकडा ग्रुपवर जाहीर होई. मग इतरांनाही चेव आला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी एकतीस जाहीर केले तेव्हा नानांनी हरकत घेतली, “त्यांची बायको मोजते. ती भराभर मोजते.” टाळेबंदीतल्या त्या सुन्या दिवसांत आमच्या इमारतीला जरा करमणूक झाली, आणि मी त्या खेळाचा जनक म्हणून थोडा फुगून गेलो. इतका की नाना दूध आणायला मास्क न लावता खाली उतरू लागले, तेही माझ्या नजरेत आले नाही. “बावीस सेकंदवाल्याला कशाला रे ते मुसकं?” असे ते एकदा म्हणाले होते. मी हसलो होतो.

सप्टेंबरच्या १५ तारखेपासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. घरोघर माणसे पाठवून प्रत्येकाचा ताप आणि रक्तातला प्राणवायू मोजायचा, असे तिचे स्वरूप होते. आमच्याकडे एक आशाताई आणि त्यांच्याबरोबर दोन मुले आली. नानांचे दार उघडले तेव्हा मी जिन्यातच होतो, वर्तमानपत्र आणायला निघालो होतो. नाना दारात आले. चेहरा ओढलेला होता, पण आवाज खणखणीत.

“आमच्याकडे सगळं ठीक आहे. पुढच्या घरी जा.”

“काका, एक मिनिटाचं काम आहे. बोट द्या फक्त.”

“अहो, मी आज सकाळीच वीस सेकंद श्वास धरलाय. घड्याळ लावून!”

“धरलात ना, छान. पण तो रक्तात पोचतोय का, ते बघायला नको?” असे म्हणून त्या बाईंनी ते चिमट्यासारखे यंत्र आधी स्वतःच्या बोटाला लावले. अठ्ठ्याण्णव. मग माझ्याकडे वळून, “या काका तुम्ही,” म्हणून माझ्या बोटाला लावले. सत्त्याण्णव. “बघा, यंत्र बरोबर आहे. आता तुम्ही.”

नानांच्या बोटावर आकडा उमटला. शहाऐंशी.

नाना म्हणाले, “बिघडलंय.” ताईंनी बोट बदलले. पंच्याऐंशी. मागून वहिनी हळूच म्हणाल्या, “तीन दिवस ताप आहे. रोज सकाळी म्हणतात, आज पास झालो, कुणाला सांगू नकोस.”

त्यानंतर ताईंनी जे केले ते मी कधी विसरणार नाही. त्या घाबरल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, की ‘अशिक्षितासारखं काय वागता’ असेही म्हणाल्या नाहीत. नानांना पालथे झोपायला सांगितले, जिन्यात उभ्या राहून चार फोन केले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत खालच्या पायरीवर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, “या आजारात असंच होतं काका. आतला प्राणवायू उतरत जातो आणि माणसाला धाप लागलेली कळतसुद्धा नाही. श्वास धरून काही समजत नाही. कुणी सांगतं हो असलं?”

मी वर्तमानपत्राची घडी घातली. मग उलगडली. मग परत घातली.

नाना अकरा दिवस प्राणवायूवर होते. ग्रुपवर रोज प्रार्थना होत होत्या, त्यांच्या जोडीला काढ्याच्या पाककृती येत होत्या. एरवी सगळ्यांच्या आधी बोलणारा मी तेवढा गप्प होतो. रात्री उठून मी तो मार्चमधला निरोप काढून पाहत असे. पुसून टाकता येईल का, तेही पाहिले. वेळ केव्हाच टळून गेली होती. आणि मग मी आरोग्य संघटनेची ती नन्नाची यादी पुन्हा उघडली. दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे करोना नाही असे नव्हे, हे तिच्यात चक्क छापलेले होते. मी ते डोळ्यांनी पाहिले होते. वाचले नव्हते.

बाराव्या दिवशी नाना परत आले. सदरा खांद्यावरून लोंबत होता आणि एक जिना चढायला त्यांना पाच थांबे लागले. लांबूनच चौकशी करायला गेलो, तर वहिनींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “तुमचे उपकार आहेत भावोजी. तुम्ही ती परीक्षा सांगितलीत, तिच्यामुळे शेवटपर्यंत त्यांचा धीर सुटला नाही.”

आयुष्यात मला बऱ्याच शिव्या मिळाल्या आहेत. पण या आभारांइतके मला काही लागले नाही.

घरी येऊन बसलो. आमची ही समोर आली. छत्तीस वर्षे माझा पगार आणि माझा चेहरा दोन्ही तिने मोजले आहेत. म्हणाली, “तुम्ही सांगताय, की मी सांगू?”

दुसऱ्या दिवशी गॅलरीतून गॅलरीत मी नानांना सांगितले. निरोप मी पाठवला होता, खात्री कुणाकडूनही केली नव्हती, डॉक्टर दातांचे होते. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टर दातांचे असणार, हे मला ठाऊक होतं. तुझ्या ओळखीत दुसरा डॉक्टर आहेच कुठे?”

“मग तुम्ही विश्वास का ठेवलात, नाना?”

“अरे, तू लिहिलं होतंस ना.”

एवढे बोलून ते आत गेले.

त्याच संध्याकाळी मी पाचही ग्रुपांवर जाहीर कबुलीजबाब लिहिला. असा असा निरोप मी पाठवला होता, तो चुकीचा आहे, खात्री केल्याची ओळ खोटी होती, कृपया हे पुढे पाठवावे. मार्चमधल्या निरोपाला दाद देणाऱ्यांची रांग लागली होती. या निरोपाला दोन अंगठे आले, एक ‘सुप्रभात’ आले (संध्याकाळी साडेसातला), आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकाने त्याच्या खालीच लगेच लिंबू नाकात पिळण्याचा उपाय टाकला. पुढे कुणीही पाठवला नाही. कशाला पाठवतील? गंमत नाही, भीती नाही, करण्यासारखे काही नाही. नुसता एका म्हाताऱ्याचा पश्चात्ताप.

तेव्हा मी वही काढली, दोनशे अकरा नावे लिहिली आणि एकेकाला फोन लावायला बसलो.

वाचकहो, चूक पाठवायला मला एक क्षण लागला होता. ती परत गोळा करायला सतरा दिवस लागले. कारण फोनवर कुणी नुसते ‘बरं’ म्हणून सोडत नाही. निवृत्त हेडकॅशियरांनी माझी माफी ऐकून घेतली आणि पाऊण तास स्वतःच्या गुडघ्याविषयी सांगितले. आत्या म्हणाली, “चूक कसली? मी रोज करते, मला बरं वाटतं.” शाळेतला एक मित्र फोनवर रडला, त्याचा भाऊ ऑगस्टमध्ये गेला होता आणि तोवर कुणी त्याला फोनच केला नव्हता, सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले होते. तेवीस जणांनी निरोप वाचलाच नव्हता, नुसता पुढे पाठवला होता. नऊ जणांनी मात्र विचारले, “मग काय करायचं ते सांग.” त्या नऊ जणांना मी आशाताईंनी सांगितलेले सांगितले. ते बोटाचे यंत्र घरात ठेवा, नसेल तर चार घरांत मिळून एक घ्या, आकडा पंचाण्णवच्या खाली उतरू लागला तर डॉक्टरांना कळवा, श्वास धरून स्वतःला पास करू नका.

हल्ली लोक म्हणतात, या फोनांनी अफवा वाढल्या. मला तसे सरसकट म्हणवत नाही. त्या टाळेबंदीत मी जुन्या प्लेगविषयी वाचत होतो. निमित्त असे, की करोनात सरकारने वापरला तो साथरोग कायदा १८९७ सालचा, त्या प्लेगसाठीच केलेला. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस मारून टाकतात अशी वदंता होती. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. गाडी दारात आली की माणूस उचलून नेत, आणि का नेले ते त्याच्या घरच्यांना समजेल असे कुणी सांगत नव्हते. मग ते सांगण्याचे काम अफवेने केले. आणि त्याच मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, तेव्हा पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या आशाताईंचे बोट आले.

मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. इमारतीत कुणी पुढे होईना. ग्रुपवर लसीविषयी भयंकर मजकूर येत होता आणि त्याला उत्तर म्हणून सेक्रेटरी सरकारी पत्रके टाकत होते. दोन्ही कुणी वाचत नव्हते. मी गेलो, लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी एवढेच लिहिले : “काल लस घेतली. दंड दुखतो आहे. रात्री शंभर ताप होता, सकाळी उतरला. आता पोहे खातो आहे.”

मला वाटले, याचेही दोन अंगठेच येणार. पण प्रश्न आले. बसायला खुर्च्या आहेत का? रांग उन्हात आहे की सावलीत? तिथे बाथरूम आहे का? आधारकार्डाची झेरॉक्स चालते का? माझी साखर वाढलेली असते, तर आधी डॉक्टरांना विचारू का? एका वर्षात इतके खरे प्रश्न त्या ग्रुपवर मी पाहिले नव्हते. माणसे लसीला घाबरत होती असे आपण म्हणत होतो; त्यांतली निम्मी बाथरूम नसेल म्हणून घाबरत होती. ठाऊक होते ते मी लिहिले. ठाऊक नव्हते तिथे ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे लिहिले. हे वाक्य ग्रुपवर मी प्रथमच लिहीत होतो. लिहायला फार जड गेले, पण कुणी ग्रुपातून काढून टाकले नाही.

संध्याकाळी वरून हाक आली. नाना गॅलरीत उभे होते.

“काय रे, उद्या आम्हा दोघांना घेऊन जाशील का त्या केंद्रावर?”

“नेतो की! पण नाना, तुम्हाला होऊन गेलाय ना, तेव्हा एकदा डॉक्टरांना विचारू या.”

“विचारलंय,” नाना म्हणाले, “छातीच्या डॉक्टरांना विचारलंय. तू आपल्या त्या दातांच्यांना त्रास देऊ नकोस.”

इथे खरे तर हा लेख संपायला हवा. माणूस चुकला, शहाणा झाला, सर्वांनी लस घेतली. पण मे महिन्यात, दुसरी लाट जोरात असताना, एका दुपारी इंदूरच्या मावसबहिणीचा निरोप आला. सकाळी मोकळ्या हवेत उभे राहा. दीर्घ श्वास घ्या. दहा सेकंद रोखून धरा. आणि सगळ्यात खाली, एका अक्षराचाही फरक न होता : “माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आहे.”

माझी ही बहीण माझ्या दोनशे अकरांत नव्हती. चौदा महिने ती ओळ कुठे कुठे हिंडून आली होती, कुणाकुणाला पास करून आली होती, देवाला ठाऊक. मी वही उघडली, खाली दोनशे बारावे नाव लिहिले आणि फोन लावला.

“अगं, ते श्वास धरण्याचं खरं नाही.”

“काहीतरीच काय सांगतोस? खाली वाच की. मोठ्या डॉक्टरांनी खात्री केलीय!”

“त्या डॉक्टरांना मी ओळखतो.”

“हो? कोण रे?”

“दातांचे आहेत. आणि खात्री त्यांनी केली नव्हती. ती ओळ माझी आहे.”

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मी घड्याळाकडे पाहिले. दहा सेकंद तर सहज होऊन गेले होते.